दांड्यावरचा भार

४ सप्टेंबर

आज डबी आली. डबी म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायची चिमुकली घरगाडी. आत एक पलंग, एक शेगडी, पाण्याचे कॅन ठेवायला फळी, आणि दोन माणसं एकदम उभी राहिली तर एकाला बाहेर पडावं लागेल एवढी जागा. ह्यांनी ती ओळखीच्या मेकॅनिककडून जुनी घेतली आणि दारात येईपर्यंत मला पत्ता लागू दिला नाही. मी म्हटलं, "अहो, हे काय आणलंत? कबुतरांचं खुराडं?" तर म्हणाले, "आधी आत ये, मग बोल." आत गेले. खरं सांगायचं तर आवडली. पण लगेच कबूल करणाऱ्यातली मी नाही.

ह्यांनी सहलीच्या बसवर जन्म काढला. घाटावरच्या तळ्याला किती माणसं नेली असतील त्याला गणती नाही. माणसं उतरून तळ्याकडे जायची, आणि हे बसपाशी थांबायचे, कारण बस सोडून जायचं नाही असा कंपनीचा नियम होता. वाहनतळावरून तळं दिसत नाही, मध्ये टेकडी आहे. त्यामुळे सगळ्या जगाला तळं दाखवणाऱ्या माणसाने स्वतः ते एकदाही पाहिलेलं नाही. निवृत्त झाल्यापासून एकच धोशा लावलाय. "आपण दोघांनी जायचं, काठाला डबी लावायची आणि कुणाच्या बापाला भ्यायचं नाही."

घाट नोव्हेंबर संपता संपता बर्फाने बंद होतो. त्याआधी जायचं म्हणतात. मी म्हटलं, जाऊ की, भरपूर वेळ आहे.

९ सप्टेंबर

डबीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी वाचून काढलं. हे त्यावर चहाचा कप ठेवतात.

मुद्दा असा आहे. डबीला मधोमध दोनच चाकं आहेत. पुढे लोखंडी दांडा, तो मोटारीच्या हुकात अडकतो. आतलं सामान असं रचायचं की एकूण वजनाचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून थोडा जास्त, त्या दांड्यावर पडला पाहिजे. कमी पडला तर डबी शेपूट हलवायला लागते आणि उतारावर मोटारीलाही आपल्याबरोबर फिरवते. फारच जास्त पडला तर मोटारीचं बूड बसतं आणि पुढची चाकं रस्त्याला नीट धरत नाहीत. म्हणजे मागे काय, पुढे काय, प्रत्येक वस्तूचं वजन माहीत हवं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई. वजनं-मापं हा माझा प्रांत.

न्हाणीघरातला काटा पुढच्या खोलीत आणला. वस्तू थेट काट्यावर ठेवली तर आकडा झाकला जातो, म्हणून युक्ती काढली. आधी हे नुसते उभे राहिले. चौऱ्याऐंशी. ते माप पक्कं धरलं. आता एकेक वस्तू हातात घेऊन ह्यांनी काट्यावर उभं राहायचं, मी शेजारी स्टुलावर बसून आकडा वाचायचा आणि त्यातून चौऱ्याऐंशी वजा करायचे. जे उरेल ते चिकटपट्टीवर लिहून त्या वस्तूला डकवायचं. माझा खांदा आखडलाय, त्यामुळे उचलाउचली ह्यांच्याकडे.

"मास्तरीणबाई, जन्मभर ड्रायव्हर होतो, आता हमाल केलंस," म्हणाले.

"हमालाने बोलू नये. हलतोय काटा."

हत्यारांची पेटी अठरा किलो निघाली.

१७ सप्टेंबर

रोज दोन-चार वस्तू मोजतो. एकदम सगळं नको म्हणतात, दमायला होतं. दमायला काय झालं, रिकामपणाची सवय लागलीय. पण एक गोष्ट चांगली. निवृत्तीनंतर सुटलेलं पोट कमी होतंय. रात्री फार जेवत नाहीत. म्हणतात, "मोटारीला ओढायला तेवढंच कमी." इतकी वर्षं मी ओरडून जे झालं नाही ते डबीने करून दाखवलं.

२८ सप्टेंबर

आज सगळं भरून गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर चाचणी घेतली. माझ्या हिशोबाप्रमाणे दांड्यावर पुरेसा भार होता. प्रत्यक्षात वेग जरा वाढल्याबरोबर डबी मागे डोलायला लागली. आरशात मला ती एकदा डावीकडे दिसायची, एकदा उजवीकडे. ह्यांनी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही. फक्त वेग हळूहळू सोडला. एवढ्या वर्षांचा हात आहे. मी मात्र दाराची कडी धरून बसले होते. हाच प्रकार घाटात झाला असता तर आम्ही दरीत असतो.

घरी येऊन दांडा काट्यावर टेकवला, तर हिशोबापेक्षा बराच कमी. म्हणजे मागच्या भागात कुठेतरी वजन लपलंय. पण कुठे?

३ ऑक्टोबर

ट्रक मोजायच्या मोठ्या वजनकाट्यावर डबी नेली. माझ्या बेरजेपेक्षा चाळीस किलो जास्त! चाळीस! एवढ्यात तर एक लहान मूल लपून येईल.

काटेवाल्याला म्हटलं, "तुमचा काटा एकदा तपासून घ्या."

"बाई, सकाळपासून चौदा ट्रक मोजले, कुणाची तक्रार नाही."

"त्यांनी घरी मोजून आणलं नसेल."

हे मोटारीला टेकून हसत होते. परत येताना म्हणाले, "चाळीस तर चाळीस. मोटार तेवढं सहज ओढते. चल निघू." मी म्हटलं, वजन कुठे आहे हे माहीत नसताना मी घाट चढणार नाही. ह्यावर नुसता गिअर बदलला. एरवी वाद घालतात.

८ ऑक्टोबर

काल ह्यांनी माझा टोच्या मागितला, म्हणाले ताडपत्रीच्या पट्ट्याला भोक पाडायचंय. आज ताडपत्री पाहिली, तिला पट्टाच नाही. विसरले असतील दुसरं काहीतरी.

आज भांडण झालं. मी बाजारात गेले असताना ह्यांनी माझं सगळं बाजूला ठेवून आपल्या मनाने बॅटरी आणि पाण्याचे दोन कॅन पुढे सरकवले. दांडा काट्यावर ठेवला, हवा तेवढा भार आला, आणि एकटेच जाऊन चाचणी घेऊन आले. "एका रेषेत येते," म्हणाले. "शेपूट नाही, काही नाही. परवा सकाळी निघू या."

"आणि ते चाळीस किलो?"

"असतील कुठेतरी. तुला तळं बघायचंय की बेरीज?"

"मला जिवंत परत यायचंय."

ह्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलणार. पण बाहेर जाऊन डबीच्या पायरीवर बसले. मी नंतर चहा नेऊन दिला. अर्धा प्यायले.

माझंच बरोबर आहे. दांडा जमला म्हणजे सगळं जमलं असं नाही. हिशोब चुकला असेल तर तो उद्या दुसरीकडे दगा देईल.

१४ ऑक्टोबर

वन्सं आल्या होत्या. ह्यांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहतात. भावाला पाहिल्याबरोबर त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "अहो वन्सं, तुमचा दादा दोन आठवडे तळ्यावर चाललाय, सीमेवर नाही." त्या हसल्या नाहीत.

रात्री जाताना स्वयंपाकघरात माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, जमेल तेवढं लवकर जाऊन या."

"जमेल तेव्हाच जाणार. तुमच्या दादाला बेरीज आवडत नाही."

"बेरीज राहू दे ना एवढ्यापुरती."

सगळं घराणंच उतावळं. दुपारी बहीणभाऊ गावात गेले होते, डबीच्या दिव्याची वायर आणायची म्हणून. संध्याकाळी परत आले. वायर आणली नव्हती.

२१ ऑक्टोबर

सगळं पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतलं. आठवडा त्यातच गेला. तर नवाच घोटाळा. प्रत्येक वस्तू आधीपेक्षा हलकी! हत्यारांची पेटी अठराची तेरा झाली. शेगडीचं तेच, गॅसच्या टाकीचं तेच, प्रत्येकात सारखी पाचेक किलोची तूट. पेटीतून एक पाना इकडचा तिकडे झालेला नाही.

आणि मग मला दिसलं. हे काट्यावर उभं राहताना भिंतीला टेकतात! एक कोपर चौकटीला, थोडी पाठ भिंतीला. मग वजन कमी दाखवणारच. मी म्हटलं, "अहो, प्रयोग असा करतात का? टेकून?"

"जरा आधार लागतो गं."

"आधार घेतला की आकडा गेला."

काटा खोलीच्या मधोमध ठेवला, धरायला आसपास काही नाही असा. पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वस्तूला म्हणाले, "थोडं बसू का?" बसले. मला वाटलं कंटाळले. मी म्हटलं, कंटाळा करून घाट चढत नाही कुणी. उठले बिचारे.

२५ ऑक्टोबर

भिंतीपासून लांब उभे केले तरी वस्तू हलक्याच येतात. पुन्हा मोठ्या वजनकाट्यावर गेलो. आता माझ्या बेरजेत आणि काट्यात शंभरावर फरक. मोजावं तितका वाढतोय!

काटेवाल्याने आज माझ्याशी वाद घातला नाही. आतून खुर्ची आणली आणि ह्यांना बसायला दिली. एकच. मी बाई माणूस, खांदा धरून उभी, पण मला कुणी विचारलं नाही. मग त्याने स्वतःच चिठ्ठी लिहून दिली आणि ह्यांना म्हणाला, "काका, सांभाळून." परत येताना मी त्यावरून बडबडत होते, हे रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते.

"निघू या ना," एवढंच म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात नक्की."

"तू मागच्या आठवड्यातही हेच म्हणालीस."

३१ ऑक्टोबर

हल्ली दुपारी डबीतल्या पलंगावर जाऊन पडतात. म्हणतात गादीची चाचणी. चाचणी करता करता झोप लागते. आज बोलवायला गेले तर कुशीवर वळून, पाय पोटाशी घेऊन झोपले होते. उठवलं नाही. घाट बंद व्हायला अजून चारेक आठवडे आहेत असं रेडिओवर सांगितलं. मला आता त्या बेरजेची चीड यायला लागलीय. रात्री डोळे मिटले तरी आकडे दिसतात.

५ नोव्हेंबर

आज हसून हसून पुरेवाट झाली आणि मग रडायची पाळी आली.

राहिलेल्या बारीकसारीक वस्तू मोजत होतो. हे दोन उशा छातीशी धरून काट्यावर उभे राहिले, खोलीच्या मधोमध, कुठेही न टेकता. मी आकडा वाचला, वजाबाकी केली. उशांचं वजन उणे सात किलो!

"अहो, ह्या उशा तुम्हाला उडवून नेणार," मी म्हटलं.

हेही हसले. मग हसता हसता खाली उतरले आणि उशा तशाच धरून पलंगावर बसले.

म्हणजे काटाच बिघडला होता! एवढे दिवस! स्प्रिंग सैल झाली असणार, आणि मी कधी काटेवाल्याला बोलतेय, कधी ह्यांना. मला एवढा संताप आला की काटा उचलून बाहेर फेकणार होते. हे म्हणाले, "हो, हो, नवा आणू. उद्याच आणू." एवढ्या चटकन कबूल झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

नवा आणण्याआधी जुन्याची एकदा परीक्षा घ्यावी म्हणून साखरेची पाच किलोची सीलबंद पिशवी काट्याच्या एका बाजूला ठेवली, आकडा दिसेल अशी. पाच. तिच्यावर दुसरी ठेवली. दहा. मी स्वतः उभी राहिले. मी जेवढी असते तेवढीच.

मग मी स्टुलावर बसले. काटा बरोबर होता. ट्रकचा काटाही बरोबर होता. उशा उशांएवढ्याच होत्या. सगळ्या हिशोबात एकच आकडा असा होता जो मी एकदा मोजला आणि पुन्हा कधी मोजला नाही.

हे पायरीवर ऊन खात बसले होते. मी हाक मारली, "अहो, जरा काट्यावर या."

"काय उचलू?"

"काही नको. नुसते या."

ते दारातच थांबले. "राहू दे ना," म्हणाले.

मी हात धरून आणलं. हात धरला तेव्हा कळलं, हा हात मी कित्येक दिवसांत धरलेला नाही. वस्तू दिल्या आणि घेतल्या फक्त. काटा पंचाहत्तरवर थांबला.

नऊ किलो. प्रत्येक वस्तूतून जे हरवत होतं ते ह्यांच्यातून जात होतं, आणि मी चष्मा लावून, खाली वाकून, रोज ते वाचत होते.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"भूक सप्टेंबरातच गेली होती. धाकटीबरोबर गेलो ना त्या दिवशी, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. पोटात आहे. पसरलंय. कापून उपयोग नाही म्हणाले."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला दवाखान्यात बसवलं असतंस. मला तळ्यावर बसायचं होतं."

मी परत स्टुलावर बसले. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं गणित चुकलं नव्हतं गं. मीच हललो," म्हणाले.

७ नोव्हेंबर

वन्सं आल्या. त्यांना वाट्टेल तसं बोलले. तुम्ही माझ्या घरात येऊन चहा पिऊन गेलात आणि मला काही सांगितलं नाहीत. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "दादाने शपथ घातली होती, वहिनी. मी तरी काय करू?"

राग त्यांच्यावर नाहीच. आठ ऑक्टोबरला हा माणूस म्हणाला होता, परवा निघू. डबी सरळ चालत होती. मोटार ओढत होती. ह्यांना गाडी चालवता येत होती. मी चाळीस किलोंसाठी थांबवलं. त्याला खोलीच्या मधोमध उभं केलं, टेकू नका म्हणाले. हे मी कुणाला सांगणार आहे? इथे लिहिते फक्त.

९ नोव्हेंबर

आज वन्संना काट्यावर उभं केलं. आधी त्यांचं वजन, मग वस्तू, आणि दर दोन वस्तूंनी पुन्हा त्यांचं वजन. दुपारपर्यंत सगळं संपलं. बेरीज केली. ट्रकच्या काट्याशी दोन किलोंचा फरक आला, तोही कागद-कपड्यांचा असेल. दांड्यावर हवा तेवढा भार. सगळं कसं पाहिजे तसं जमलं. एका दुपारचं काम होतं.

घाट अजून उघडा आहे. उद्या निघायचं. ह्यांनी स्वतः टायरांची हवा पाहिली.

१० नोव्हेंबर

सकाळी निघालो. ह्यांनी जुन्या सवयीने आरसे पुसले, सीट पुढे ओढली. पूर्वी पोटाला जागा म्हणून मागे लागायची. गल्लीतून बाहेर पडलो, पेट्रोल पंप मागे पडला. मी आरशात बघत होते. डबी अशी येत होती की मागे काही आहे हे कळू नये. शेपूट जरासुद्धा नाही. मी म्हटलं, "अहो, बघा तरी कशी येतेय." त्यांनी आरशात पाहिलं आणि खूश झाले. तेवढं एक झालं.

मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी चढ आहे. तिथे क्लच दाबताना त्यांचा पाय थरथरायला लागला. एकदा मोटार बंद पडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. कडेला घेतली. कपाळावर घाम होता. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे जात होते. आयुष्यात ह्यांच्यामुळे रस्त्यात कुणाला थांबावं लागलं नव्हतं.

"मला आलं असतं चालवायला तर," मी म्हटलं.

"किती वेळा शिकवतो म्हटलं होतं."

"हो."

मग त्यांनी कशीबशी मोटार वळवली. येताना पहिल्याच गिअरमध्ये आलो, गल्लीपर्यंत.

१२ नोव्हेंबर

वन्सं म्हणाल्या, मेकॅनिक येईल चालवायला. हे आधी नको म्हणाले. "मी मागच्या सीटवर? सामान म्हणून?" मग संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "बोलव त्याला. रविवारी." मला इतकं बरं वाटलं की मी ताबडतोब डबीतली पांघरुणं बाहेर काढून उन्हात घातली. मेकॅनिक हो म्हणाला. तळ्याच्या काठापर्यंत नेऊन सोडणार, दोन दिवसांनी न्यायला येणार.

१५ नोव्हेंबर

काल शनिवारी ताप चढला. उतरेना. मेकॅनिक आज सकाळी डबी न्यायला आला, तोच ह्यांना मोटारीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. डबी सोडवून अंगणात ठेवली.

२२ नोव्हेंबर

दवाखाना. खोलीत तीन पलंग, मधला आमचा. दारापाशी चाकांवरचा काटा आहे, रोज सकाळी नर्स रुग्णाचं वजन करते. ह्यांची पाळी आली की मी बाहेर जाऊन उभी राहते. आता कुठल्याच काट्याकडे मला बघवत नाही.

२७ नोव्हेंबर

घाट बंद झाल्याचं शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या मुलाने सांगितलं. त्याला काय ठाऊक, तो सहज बोलला. हे डोळे मिटून होते. मला वाटलं झोपलेत. थोड्या वेळाने म्हणाले, "वेळेवर झाला या वर्षीही."

डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठून विचारलं. म्हटलं, घाट एप्रिलमध्ये उघडतो. त्या चांगल्या आहेत, खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आपण एकेका आठवड्याचं बोलू या."

१० डिसेंबर

घरी आणलं. करण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावला. खिडकीतून अंगणातली डबी दिसते. ती विकून टाकावी असं माझ्या मनात होतं, निदान नजरेआड तरी करावी. पण हे म्हणाले, राहू दे.

वन्सं इथेच राहायला आल्यात. आम्ही दोघी मिळून कूस बदलून देतो. वळवताना माझ्या आखडलेल्या खांद्यालाही त्रास होत नाही, इतके हलके झालेत.

१३ डिसेंबर

आज सकाळी एकदम म्हणाले, "मग? निघायचं का?"

शुद्धीत होते. डोळे स्वच्छ होते. मला घाट बंद आहे असं सांगता आलं असतं, पण ते त्यांनाच माहीत होतं. तुमची तब्येत, असं तोंडातून निघेना. मी म्हटलं, "दांड्यावर अजून कमी पडतंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डबी त्या दिवशी कशी सरळ आली ते त्यांनी स्वतः आरशात पाहिलेलं.

"किती?"

"चारपाच किलो."

"मग थांबू," म्हणाले. "घाईने घाटात जायचं नाही. मागचं पाणी पुढे घेऊन बघ."

मी बाहेर गेले. डबीचं दार उघडलं, मागचा कॅन ओढत पुढे आणला. खांद्यातून कळ आली. खिडकीत पाहिलं तर त्यांनी हात थोडा वर केला, बास म्हणून.

१८ डिसेंबर

रोज विचारतात. मी रोज सांगते, अजून जमलं नाही. रोज बाहेर जाते. कधी बॅटरी, कधी पाणी. भरलेला कॅन आता माझ्याने हलत नाही म्हणून रिकामा करून घेतलाय, खिडकीतून कळत नाही. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, थंडीत कशाला? त्याला कळतंय सगळं." मी म्हटलं, मलाही कळतंय.

काल म्हणाले, "तू उगाच फार बारीक बघतेस. पण बरोबर आहे तुझं." आणि माझा हात धरून पडून राहिले.

२१ डिसेंबर

आज विचारलं नाही. औषधाच्या गुंगीत आहेत. मध्ये एकदा डोळे उघडले, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा मिटले. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. वन्संशी बोलल्या, माझ्याशी नाही.

मी तरी गेले बाहेर. कॅन पुढे नेला, पुन्हा मागे आणला, दार लावलं. आत येऊन ह्यांच्या उशाशी बसले. उद्या विचारलं तर दोन किलो कमी पडतंय म्हणून सांगायचं. आणि परवा विचारलं तर दीड.